तेल आणि वायू अडवून धरणारा खडक कसा तपासावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

भूविज्ञानाची पदवी घेऊन तेलशोधाच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण साठवण खडकाबद्दल भरभरून बोलतात. त्याची सच्छिद्रता (छिद्रांचे प्रमाण) किती, पारगम्यता (द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता) किती, हे त्यांना तोंडपाठ असते. त्याच खडकाच्या वरच्या थराबद्दल विचारले, की ‘वर शेल आहे’ एवढ्यावर उत्तर संपते. (शेल म्हणजे चिकणमाती दबून बनलेला, अतिशय बारीक कणांचा खडक.) वास्तविक त्या वरच्या थराने वाट अडवली नसती, तर खालचा उत्तमातला उत्तम वालुकाश्म किंवा चुनखडक नुसत्या खाऱ्या पाण्याने भरलेला सापडला असता. हा वरचा थर, म्हणजे आच्छादक खडक किंवा रोजच्या बोलण्यातला ‘कॅप रॉक’, कसा तपासावा, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. आलेखकागद, साधा कॅल्क्युलेटर आणि एखाद्या क्षेत्राचा समोच्चरेषा दाखवणारा भूसंरचना नकाशा एवढे साहित्य हाताशी असले, म्हणजे सुरुवातीला पुरे.

एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्यावी. प्रत्येक आच्छादक खडकाच्या ताकदीला मर्यादा असते आणि ती मर्यादा मीटरमध्ये सांगता येते. त्यामुळे आपल्या टिपणात ‘हा थर अडवतो’ असे न लिहिता ‘हा थर इतक्या मीटर उंचीचा तेलस्तंभ अडवतो’ असे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. (तेलस्तंभ म्हणजे थराखाली साठलेल्या तेलाची उभी रास.)

पहिली पायरी : थरांचा क्रम मांडावा

कोणत्याही क्षेत्राचा अभ्यास सुरू करताना खालून वर जाणारा थरांचा क्रम कागदावर काढावा आणि प्रत्येक थरापुढे त्याचे काम लिहावे: तेल निर्माण करणारा उगम खडक कोणता, ते साठवणारा खडक कोणता आणि वर अडवणारा कोणता. उदाहरणादाखल मुंबई हाय घेऊ. मुंबईच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्याखाली हे क्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या जॅक-अप, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या, रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

येथे सर्वांत खाली ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक आणि दख्खनचा बेसाल्ट आहे. सह्याद्री ज्या लाव्हाने बनला, त्याच लाव्हाचे थर समुद्राखालीही पसरलेले आहेत. त्यावर ‘पन्ना’ या नावाने ओळखला जाणारा थरसमूह येतो. आजूबाजूच्या खोल खळग्यांतील त्याचे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध शेल हे येथील तेलाचे मुख्य उगमस्थान मानले जाते. त्याच्या वर चुनखडकांची मालिका आहे आणि तिच्यातील मायोसीन काळातला ‘एल-३’ हा चुनखडक येथील बहुतांश तेल सांभाळतो. एल-३ च्या वर शेल, त्यावर ‘एल-२’ चुनखडक, मग पुन्हा शेलयुक्त थर आणि आणखी वर ‘एस-१’ हा वायू असलेला वालुकाश्म, असा हा क्रम आहे. (या भागातील थरसमूहांना वसईचे जुने नाव बॅसीन, रत्नागिरी, वांद्रे, माहीम, अलिबाग, चिंचणी अशी किनाऱ्यावरची नावे दिलेली असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ती लक्षात ठेवणे सोपे जाते.)

क्रम मांडताच एक बाब नजरेत भरते. येथे एकच झाकण नाही. साठवण खडक आणि आच्छादक खडक यांच्या जोड्या एकावर एक रचलेल्या आहेत आणि प्रत्येक जोडीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. खुद्द एल-३ मध्येही चुनखडकाचे अनेक पट्टे पातळ शेलमुळे एकमेकांपासून अलग झालेले आहेत. त्यामुळे ‘मुंबई हायचा कॅप रॉक कोणता’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

दुसरी पायरी : खडक नेमका कशामुळे अडवतो, हे समजून घ्यावे

शेलमध्ये छिद्रे नसतात, ही समजूत आधी सोडून द्यावी. शेलची सच्छिद्रता अनेकदा चांगल्या वालुकाश्माच्या जवळपास असते. फरक असतो तो छिद्रांना जोडणाऱ्या गळ्यांच्या रुंदीत. चांगल्या वालुकाश्मात हे गळे दोन मायक्रोमीटरपेक्षा रुंद असतात, तर शेलमध्ये ते साधारण ०.१ ते ०.००५ मायक्रोमीटर इतके अरुंद असतात. दोन्ही खडक मुळात पाण्याने भरलेले असतात आणि त्यांचे कण पाण्याने ओले असतात. तेल किंवा वायू पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर सरकत येतो. रुंद गळ्यातून त्याचा थेंब सहज पुढे जातो, परंतु अरुंद गळ्याशी पोहोचल्यावर त्यात शिरण्यासाठी थेंबाला आपला पृष्ठभाग फार तीव्र वक्रतेने वळवावा लागतो आणि त्यासाठी जादा दाब लागतो. या जादा दाबालाच प्रवेशदाब म्हणतात.

विहिरीत पोहायला शिकणारी मुले ओल्या कापडात हवा पकडून त्याचा फुगा करतात आणि त्यावर तरंगतात. कापड कोरडे असताना ज्या विणीतून हवा सहज निघून जाते, तीच वीण पाण्याने भरली की हवेला अडवते आणि फुगा जोराने दाबला की मात्र बुडबुडे बाहेर येतात. आच्छादक खडक नेमके हेच करतो. येथे ध्यानात घ्यायचे ते असे, की पाणी स्वतः या अडथळ्यातून अतिशय मंद गतीने का होईना, पार होऊ शकते. अडवले जाते ते तेल आणि वायू.

मीठ आणि अनहायड्राइट (जिप्समसारखे, पण पाणीविरहित खनिज) यांची गोष्ट निराळी आहे. मिठाच्या थरात जोडलेली छिद्रे जवळजवळ नसतातच आणि ते दाबाखाली हळूहळू वाहत असल्यामुळे त्यात पडलेली भेग बुजून जाते. नेदरलँड्समध्ये १९५९ साली सापडलेले ग्रोनिंगेन हे प्रचंड वायूक्षेत्र पर्मियन काळातील झेकस्टाइन मिठाच्या थराखाली टिकून राहिले. सौदी अरेबियातील घवार क्षेत्राच्या ‘अरब-डी’ चुनखडकावर अनहायड्राइटचे आवरण आहे. जगातील काही सर्वांत मोठे साठे अशा बाष्पजन्य, म्हणजे खारे पाणी आटून बनलेल्या, खडकांखाली आहेत, हा योगायोग नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र अडवण्याचे काम प्रामुख्याने शेल आणि चिकणमातीचे थर करतात, म्हणून पुढची आकडेमोड त्यांच्यापुरतीच केली आहे.

तिसरी पायरी : किती मीटरचा स्तंभ पेलेल, हे काढावे

दोन दाबांची तुलना करायची आहे. पहिला, खडकाचा प्रवेशदाब: आंतरपृष्ठीय ताणाची (एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रव्यांच्या सीमेवरील ताणाची) दुप्पट करून तिला गळ्याच्या त्रिज्येने भागावे. (खडक पूर्णपणे पाण्याने ओला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.) दुसरा, तेलस्तंभाचा वरच्या दिशेचा दाब: पाणी आणि तेल यांच्या घनतेतील फरक, गुरुत्वत्वरण आणि स्तंभाची उंची यांचा गुणाकार करावा. हे दोन दाब ज्या उंचीला समान होतात, तेवढी त्या खडकाची ताकद.

शेलच्या गळ्याची त्रिज्या ०.०५ मायक्रोमीटर आणि तेल व पाणी यांच्यातील आंतरपृष्ठीय ताण मीटरला ०.०३ न्यूटन धरला, तर प्रवेशदाब १२ लाख पास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे बारापट. पाण्याची घनता घनमीटरला १,०३० किलो आणि तेलाची ८३० किलो धरल्यास तेलस्तंभाच्या प्रत्येक मीटरमागे १,९६० पास्कल दाब वाढतो. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ६१२ मीटर. सहाशे मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ पेलण्याची ताकद अशा साध्या दिसणाऱ्या शेलमध्ये असते.

आता हेच गणित वायूसाठी करावे. वायू आणि पाणी यांच्यातील ताण अधिक असतो, तो ०.०५ धरला तर प्रवेशदाब २० लाख पास्कल होतो. परंतु वायू फार हलका असतो. साधारण १,३०० मीटर खोलीवर त्याची घनता १३० किलो धरली, तर प्रत्येक मीटरमागे ८,८२० पास्कल दाब वाढतो आणि उत्तर केवळ २२७ मीटर येते. थर तोच असूनही वायूच्या बाबतीत त्याची ताकद निम्म्याहूनही कमी भरते.

गळे थोडे रुंद झाले की काय होते, तेही पाहावे. शेलऐवजी गाळवट, म्हणजे सिल्टचे प्रमाण अधिक असलेला खडक असेल आणि त्याच्या गळ्याची त्रिज्या १ मायक्रोमीटर असेल, तर तेलासाठी सुमारे ३० मीटर आणि वायूसाठी जेमतेम ११ मीटर एवढीच उंची मिळते. विहिरीच्या नोंदपटावर, म्हणजे खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांच्या आलेखावर, हे दोन्ही खडक नवख्या माणसाला सारखेच ‘शेल’ दिसू शकतात. या एकाच कारणासाठी त्यातील खडकाच्या नैसर्गिक गॅमा किरणांच्या आलेखावर विसंबून आच्छादक खडकाला पसंती देऊ नये.

गळ्याची त्रिज्या मिळवण्यासाठी प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यात दाबाने पारा घुसवतात. पारा आणि हवा यांच्यातील ताण तेल-पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक असल्यामुळे तेथे मिळालेला दाब जसाच्या तसा वापरता येत नाही. वरील गृहीतकांनुसार त्याला सुमारे बाराने भागले की तेलासाठीचा दाब मिळतो. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. अखंड गाभा (विहिरीतून काढलेला खडकाचा सलग दंडगोल) उपलब्ध नसेल, तर बहुधा ड्रिलिंगमध्ये वर आलेला चुरा वापरला जातो आणि या कणांच्या पृष्ठभागावरील ओबडधोबड खाचांत पारा लवकर शिरल्यामुळे खडक आहे त्याहून दुबळा भासू शकतो. त्यामुळे आलेखावरील सुरुवातीचा चढ सोडून द्यावा आणि पारा खरोखर आत शिरू लागतो, तो बिंदू धरावा.

थराच्या जाडीचा मुद्दाही येथेच निकालात काढावा. वरच्या सूत्रात जाडी कोठेही नाही. काही मीटर जाडीचा शेल आणि शंभर मीटर जाडीचा शेल यांचे गळे सारखे असतील, तर त्यांचा प्रवेशदाबही सारखाच असेल. जाडी महत्त्वाची ठरते ती थर सलग आहे का, या प्रश्नासाठी. पातळ थर एखाद्या जुन्या नदीपात्राने कापलेला असू शकतो किंवा छोट्याशा प्रस्तरभंगाने, म्हणजे खडक तुटून सरकल्याने, त्याचे दोन तुकडे झालेले असू शकतात. जाड थराला ही भीती कमी.

चौथी पायरी : नकाशावर सांडबिंदू शोधावा

खडकाची ताकद कितीही असली, तरी सापळ्याचा, म्हणजे तेल अडकून राहते त्या भूरचनेचा, आकार जेवढा, तेवढेच तेल त्यात मावते. भूसंरचना नकाशावर साठवण खडकाच्या माथ्याच्या समोच्चरेषा पाहाव्या. माथा १,३०० मीटर खोलीवर असेल आणि सगळीकडून बंद होणारी सर्वांत खोल रेषा १,४२० मीटरची असेल, तर सापळ्याची उंची १२० मीटर झाली. त्याहून खाली तेल साठू लागले, की ते त्या कडेने वळून शेजारच्या उंचवट्याकडे निघून जाते. या कडेला सांडबिंदू म्हणतात.

आता तिसऱ्या पायरीतले उत्तर आणि हे उत्तर शेजारी शेजारी मांडावे. दोहोंपैकी लहान आकडा ग्राह्य धरावा. शेलची ताकद ६१२ मीटर आणि सापळा १२० मीटर असेल, तर आच्छादनाची काळजी नाही. गाळवट खडकाची ताकद ३० मीटर असेल, तर सापळ्याचा केवळ वरचा चतुर्थांश भरलेला सापडेल. प्रत्यक्ष विहिरीत तेल आणि पाणी यांची सीमा १,३३० मीटरला मिळाली आणि आपल्या गणितातही ३० मीटर आले, तर आच्छादन झिरपत असल्याचा संशय बळावतो. तेल मुळातच कमी आले असल्याचीही शक्यता असते, म्हणून आच्छादक खडकाच्या वरच्या थरांमध्ये तेलाच्या खुणा किंवा वायूचे अंश मिळतात का, ते नोंदपटावर जरूर पाहावे.

सापळ्यात तेल आणि वायू दोन्ही असतील, तर वायू माथ्याशी बसतो आणि आच्छादक खडकाशी प्रत्यक्ष गाठ त्याचीच पडते. मुंबई हायच्या एल-३ मध्येही तेलावर वायूची टोपी आहे. अशा ठिकाणी दोन्ही स्तंभांचे दाब मिळवावे लागतात: वायूचे ४० मीटर आणि तेलाचे ८० मीटर असतील, तर ३,५२,८०० अधिक १,५६,८००, म्हणजे सुमारे ५.१ लाख पास्कल. ही बेरीज वायूच्या प्रवेशदाबाशी ताडून पाहावी.

यातून एक विलक्षण परिणाम निघतो, जो पाठ्यपुस्तकांत फार घाईने उरकला जातो. आच्छादन अत्यंत भक्कम असेल आणि खालून वायू सतत येत राहिला, तर तो वायू माथ्याशी साठत साठत तेलाला खाली ढकलतो आणि शेवटी तेल सांडबिंदूवरून बाहेर पडते. सापळा भरलेला असतो, पण नुसत्या वायूने. याउलट आच्छादन थोडे झिरपणारे असेल, तर वायू वरच्या वर निसटतो आणि तेल मागे राहते. म्हणून तेलाच्या शोधात असलेल्याने ‘भक्कम’ आच्छादनाचा फार हर्ष मानू नये. आपल्याला तेल हवे आहे की वायू, हे ठरवूनच आच्छादनाला गुण द्यावेत.

पाचवी पायरी : बाजूच्या भिंती तपासाव्या

माथ्यावरचा थर उत्तम असूनही तेल बाजूने निसटू शकते. मुंबई हायची रचना लांबट घुमटासारखी असून तिची पूर्वेकडची बाजू प्रस्तरभंगाने तुटलेली आहे. अशा ठिकाणी प्रथम भंगाच्या दोन्ही बाजूंचे थर एकाच कागदावर काढावे आणि साठवण खडकासमोर पलीकडे नेमके काय आले आहे, ते पाहावे. समोर शेल आला असेल, तर बहुधा अडचण नाही. समोर दुसरा सच्छिद्र थर आला असेल, तर सगळी भिस्त भंगाच्या फटीत चेंगरलेल्या चिकणमातीवर राहते. तिचा अंदाज असा घेतात: त्या बिंदूजवळून सरकत गेलेल्या थरांपैकी चिकणमातीची एकूण जाडी मोजावी आणि तिला भंगाच्या सरकेने, म्हणजे थर जितके सरकले त्या अंतराने, भागावे. सरक ६० मीटर आणि चिकणमाती १५ मीटर असेल, तर उत्तर २५ टक्के येते. साधारणपणे २० टक्क्यांच्या खाली उत्तर आले, की भंग झिरपणारा असण्याची शक्यता मोठी मानतात. हा निकष अनेक क्षेत्रांच्या अनुभवावर आधारलेला आहे, निसर्गनियम नव्हे. स्थानिक विहिरींच्या दाबनोंदी हाती असतील, तर त्यांना अधिक महत्त्व द्यावे. भंगाच्या दोन्ही बाजूंना तेल-पाण्याची सीमा वेगवेगळ्या खोलीवर मिळणे, हा भंग अडवत असल्याचा चांगला पुरावा होय.

सहावी पायरी : खडक फाटेल का, हे पाहावे

गळे कितीही अरुंद असोत, आतील द्रवाचा दाब खडकाला दाबून धरणाऱ्या किमान ताणापेक्षा वाढला, की खडकाला भेगा पडतात आणि तेल किंवा वायू त्या भेगांतून निघून जातो. पाण्याचा सामान्य दाब दर किलोमीटरला सुमारे १० मेगापास्कलने (मेगापास्कल म्हणजे दहा लाख पास्कल) वाढतो, तर वरच्या खडकांचे ओझे सुमारे २२ ते २३ मेगापास्कलने. भेगा पडण्याचा दाब सर्वसाधारणपणे या दोहोंच्या मध्ये, ओझ्याच्या बाजूला झुकलेला असतो. विहिरीत बसवलेल्या पोलादी नळाच्या टोकाशी ड्रिलिंगच्या चिखलाचा दाब वाढवून घेतलेल्या चाचणीतून तो मिळतो. सामान्य दाबाच्या क्षेत्रात ही पायरी चटकन संपते. उत्तर समुद्राच्या मध्य भागात किंवा कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या काही भागांत खोलवर दाब असामान्य वाढलेले आहेत आणि तेथे मात्र हीच पायरी निर्णायक ठरते.

सातवी पायरी : काळाचा मेळ आणि पृष्ठभागावरच्या खुणा

तेल वर सरकू लागण्यापूर्वी आच्छादक थर साचून, दबून घट्ट झालेला असला पाहिजे आणि सापळ्याचा आकारही तयार असला पाहिजे. सापळा नंतर तयार झाला असेल, तर त्यात येणारे तेल आधीच निघून गेलेले असते. त्यासाठी उगम खडक, सापळा आणि आच्छादन यांचे काळ दाखवणारी एक कालपट्टी काढावी.

पृष्ठभागावर तेल किंवा वायू झिरपताना दिसला, तर मात्र लगेच निराश होऊ नये. इराकमध्ये किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे नैसर्गिक वायूच्या ज्वाला फार पूर्वीपासून जळत आल्या आहेत आणि तरीही १९२७ साली तेथेच एक महाकाय तेलक्षेत्र सापडले. आत येणारे तेल झिरपून जाणाऱ्या तेलापेक्षा अधिक असेल, तर सापळा भरलेलाच राहतो. हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी देवीच्या मंदिरातील ज्योतीही भूगर्भातून झिरपणाऱ्या वायूच्याच आहेत. त्या परिसरात मोठे व्यापारी वायूक्षेत्र मात्र उभे राहिलेले नाही. झिरपण्यावरून खाली उगम खडक कार्यरत आहे किंवा होता, एवढेच खात्रीने म्हणता येते.

आठवी पायरी : आपण पाडलेली भोके मोजावी

आच्छादक खडकातून जाणारी प्रत्येक विहीर ही एक वाट असते. ऑक्टोबर २०१५ पासून कॅलिफोर्नियातील अलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायूसाठ्यातून महिनोन्‌महिने वायू बाहेर पडत राहिला, तेव्हा खडकाने दगा दिलेला नव्हता. एका जुन्या विहिरीचा पोलादी नळ गंजून फुटला होता. म्हणून क्षेत्राच्या नकाशावर जुन्या आणि सोडून दिलेल्या विहिरी त्यांच्या सिमेंटच्या नोंदींसह दाखवाव्या.

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचे काम वाढत असल्यामुळे या साऱ्या पायऱ्या आता तेलाबाहेरही उपयोगी पडत आहेत. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून उत्सिरा या वालुकाश्मात वर्षाला सुमारे दहा लाख टनांपर्यंत हा वायू सोडला गेला. भूकंपीय सर्वेक्षणात असे दिसले, की वालुकाश्माच्या आतल्या सुमारे एक मीटर जाडीच्या शेलच्या थरांखाली वायू ठिकठिकाणी पसरला, काही ठिकाणी त्यांना ओलांडून वर गेला आणि सर्वांत वरच्या जाड शेलखाली थांबला. हेच गणित तेथे करायचे असेल, तर तिसऱ्या पायरीत घनता आणि आंतरपृष्ठीय ताण हे दोन आकडे बदलावे. बाकीची रीत तीच राहते.